वस्तूंना वागायला कोण शिकवणार?

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर संगणकात उभं करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. मोबाइलने आणि ड्रोनने चहूबाजूंनी शेकडो फोटो काढले की फोटोग्रामेट्रीचं सॉफ्टवेअर त्यातून यादवकाळातल्या काळ्या पाषाणाचं त्रिमितीय रूप घडवून देतं. मधलं शिवमंदिर, भोवतीची विष्णू, गणेश, पार्वती आणि सूर्याची छोटी देवळं, समोरचा नंदीमंडप, सगळं जागच्या जागी. पण व्हीआरचा चष्मा लावून त्या आवारात शिरलेला माणूस खांबातून आरपार जातो आणि नंदीच्या पोटातून बाहेर पडतो. कुणी हौसेने मंडपात घंटा टांगली, तर ती हात लागून वाजत नाही.

आकार कॅमेऱ्यातून येतो, वागणं येत नाही. खांबाने अडवावं, घंटेने वाजावं, गाभाऱ्यात आवाज घुमावा, हे सगळं कुणीतरी सांगावं लागतं. सांगण्यासारखं ज्याच्याकडे असतं तो गाइड, पुजारी किंवा मूर्तिशास्त्राचा अभ्यासक. ते संगणकाच्या भाषेत लिहिणारा प्रोग्रॅमर दुसऱ्या शहरात बसलेला असतो आणि त्याने मंदिर बहुधा पाहिलेलंही नसतं. या मधल्या माणसाला वगळून जाणकारानेच वस्तूंचं वागणं ठरवावं, यासाठी साठ वर्षं धडपड चालू आहे. इव्हान सदरलँडने १९६३ साली एमआयटीत सादर केलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणीने दोन रेघा काढून त्या समांतर राहाव्यात अशी अट घालता येई. मग एक रेघ फिरवली की दुसरी आपण होऊन तिच्या मागे वळे. कोडची एक ओळही लिहावी लागत नसे.

या धडपडीतलं सर्वांत टिकाऊ उत्तर मात्र गेमच्या किंवा चित्रपटांच्या दुनियेत सापडत नाही. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत किंवा मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत कुठल्याही बऱ्यापैकी स्वयंचलित कारखान्याचं पॅनेल उघडलं, की ते आत बसलेलं दिसतं. पीएलसी नावाचा छोटा संगणक आणि त्याला कामाला लावणारं ‘लॅडर’, म्हणजे शिडीसारखी दिसणारी चित्रभाषा.

लॅडरची जन्मकथा या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाला रिलेंनी ठासून भरलेल्या कपाटांचा कंटाळा आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की वायरिंग उपटायचं आणि नव्याने करायचं. त्यांना बदलता येणारं यंत्र हवं होतं, पण ते कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला सांभाळता आलं पाहिजे, अशी अट होती. डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र बनवलं, ते त्यांच्या कंपनीचं चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून मोडिकॉन ०८४. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. इलेक्ट्रिशियन वर्षानुवर्षं रिलेचा जो नकाशा वाचत होता, तोच यंत्राला वाचायला शिकवला गेला. पुढे १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकात लॅडरला रीतसर जागा मिळाली.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा विद्यार्थी मोटर चालू-बंद करणाऱ्या डीओएल स्टार्टरची जोडणी करतो, तेव्हाच तो अर्धं लॅडर शिकलेला असतो. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो. त्याचाच एक सहायक कॉन्टॅक्ट बटणाला समांतर जोडलेला असतो, म्हणून बोट काढलं तरी कॉन्टॅक्टर धरून राहतो. लाल बटणाने किंवा ओव्हरलोड रिलेने वाट तोडली की सुटतो. लॅडरमध्ये हे सगळं एका आडव्या पायरीवर मावतं: स्टॉप, स्टार्ट, त्याच्या खाली समांतर होल्डिंग, शेवटी कॉइल. हे प्रोग्रॅमिंग नव्हे का? तत्त्वतः आहेच. पण पॅनेलसमोर उभ्या माणसाला आपण प्रोग्रॅमिंग करतो आहोत असं वाटत नाही. त्याला आपण जोडणी करतो आहोत असं वाटतं.

लॅडरचा आणखी एक गुण आहे, ज्याकडे नंतरच्या कितीतरी चकचकीत साधनांनी दुर्लक्ष केलं. लॅपटॉप पीएलसीला जोडून लॅडर ऑनलाइन पाहिलं, की चालू असलेली वाट पडद्यावर रंगीत दिसते. मोटर का उठत नाही, याचं उत्तर शोधायला फक्त रंग कुठे तुटला ते पाहायचं. तिथल्या लिमिट स्विचला जाऊन हात लावायचा. वागणं सांगायची सोय पुष्कळांनी केली आहे. वस्तू अशी का वागली, हे विचारायची सोय फार थोड्यांनी केली.

लॅडर आणि आभासी जग यांची गाठ अलीकडे पडली. पोर्तुगालच्या रिअल गेम्स या कंपनीच्या ‘फॅक्टरी आय/ओ’ या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर कन्व्हेयर, खोकी, फोटो सेन्सर, ढकलणारे सिलिंडर आयते मांडता येतात आणि त्यांना खरा पीएलसी जोडता येतो. पट्टा खोकं ओढणार आणि आधार सुटला की खोकं पडणार, हे आधीच ठरलेलं असतं. शिकणाऱ्याने फक्त क्रम सांगायचा. टायमर चुकला तर खोकं जमिनीवर येतं, आणि त्यात कुणाचं बोट जात नाही. मोठे कारखाने हेच मोठ्या प्रमाणावर करतात: नवी लाइन उभी राहण्याआधी तिच्या आभासी प्रतिकृतीवर खरं लॅडर चालवून चुका काढतात. फ्रेंच दसॉ कंपनीचा या धंद्यात मोठा वाटा आहे. तिने २००५ मध्ये व्हर्टूल्स नावाची कंपनी घेतली. या कंपनीच्या साधनात वागणुकीचे तयार ठोकळे उचलून त्रिमितीय वस्तूवर टाकता येत.

सीएनसी मशीनवरही हीच गोष्ट घडली. जी-कोड लिहिणं ऑपरेटरला जड जातं, हे ओळखून जपानच्या माझाक कंपनीने १९८१ मध्ये ‘माझाट्रोल’ आणलं. त्यात मशीनच प्रश्न विचारतं: धातू कोणता, व्यास किती, आटे कुठून कुठपर्यंत. ड्रॉइंग वाचता येणाऱ्याने उत्तरं भरायची. आत कोड तयार होतोच, पण तो पाहण्याची गरज पडत नाही.

सांगण्यापेक्षा करून दाखवणं सोपं, हा विचारही कारखान्यातूनच आला. नॉर्वेत ट्राल्फा नावाची कंपनी हातगाडे बनवत असे. त्यांना रंग मारायला माणसं मिळेनात, म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी तिने रंगकाम करणारा रोबोट तयार केला. अनुभवी रंगाऱ्याने रोबोटचा हात धरून एकदा फवारा फिरवायचा, रोबोटने ती हालचाल साठवायची आणि दिवसभर तशीच करायची. आज वेल्डिंगच्या रोबोटला टीच पेंडंटने एकेक बिंदू दाखवून शिकवतात, ते याच घराण्यातलं. अडचण अशी की रोबोट हालचाल उचलतो, तिच्यामागचा हेतू उचलत नाही. फिक्स्चरमधला जॉब जरासा सरकला, तर तो इमानेइतबारे हवेत वेल्डिंग करतो.

संगणकाच्या पडद्यावर ही पद्धत आणणाऱ्यांत डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथचं नाव पहिलं घ्यावं लागतं. स्टॅनफर्डमधल्या त्याच्या १९७५ च्या प्रबंधातलं ‘पिग्मॅलियन’ पाहून-शिकणाऱ्या संगणकाचा आद्य नमुना मानलं जातं. नव्वदच्या दशकात अ‍ॅपलमध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी ‘किडसिम’ केलं. त्यात नियम म्हणजे दोन चित्रं, आधीचं आणि नंतरचं. गाडीपुढे मोकळी चौकट आहे, हे पहिलं चित्र. गाडी त्या चौकटीत गेली, हे दुसरं. बस, नियम झाला. कल्पना इतकी सुंदर, की ती जगभर का पसरली नाही असा प्रश्न पडतो. उत्तर मुलांच्या खेळातच होतं. गाडीपुढे दगड असेल तर वेगळं चित्र, दुसरी गाडी असेल तर वेगळं, आणि वळण असेल तर आणखी एक. नियम दहाचे पन्नास होतात आणि मग एकाच वेळी दोन लागू पडले तर आधी कोणता, हे चित्रात काढता येत नाही.

मुलांची कथा महाराष्ट्रातही घडली. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. भारतातला हा त्या योजनेचा सुरुवातीचा प्रयोग. त्या लॅपटॉपमध्ये अ‍ॅलन के यांच्या गटाने घडवलेलं ‘ईटॉइज’ होतं. त्यात मूल आधी गाडीचं चित्र काढतं, मग स्टिअरिंगचं. ‘पुढे जा’ आणि ‘वळ’ या पट्ट्या ओढून गाडीला लावतं आणि वळण्याच्या आकड्याच्या जागी स्टिअरिंगचा कोन आणून टाकतं. स्वतःच काढलेलं चाक फिरवलं की स्वतःच काढलेली गाडी वळते. व्हीआरच्या चष्म्यांत आज जे दाखवतात, त्यातलं बरंचसं या एका खेळात आहे.

त्याच २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून ‘स्क्रॅच’ बाहेर आलं आणि रंगीत ठोकळ्यांची पद्धत घरोघरी पोचली. आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या गटाने आखलेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय अभ्यासक्रमाने ते वर्गात आणलं, पुढे शाळाशाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये ठोकळ्यांनी रोबोटही चालू लागले. स्क्रॅचने स्वल्पविराम आणि कंस चुकण्याची भीती घालवली, हे मोठं काम झालं. पण ठोकळे जोडूनही विचार कोडचाच करावा लागतो. लॅडरने इलेक्ट्रिशियनला त्याच्या ओळखीच्या नकाशातच ठेवलं होतं. स्क्रॅच मुलाला प्रोग्रॅमरच्या घरात घेऊन जातं, फक्त दार रंगवून दिलेलं असतं.

गेम बनवणाऱ्या साधनांबद्दलही असंच म्हणता येईल, आणि ती थोडक्यात उरकण्यात नुकसान नाही. ब्लेंडरमध्ये २००० पासून संवेदक, नियंत्रक आणि क्रिया अशा तीन विटा जोडून वागणं ठरवता येई. २०१९ च्या आवृत्तीत तो गेमचा भागच काढून टाकला गेला. अनरिअल इंजिनचं ‘ब्लूप्रिंट’ २०१४ पासून जोमात आहे, युनिटीने २०२० मध्ये ‘बोल्ट’ विकत घेऊन सर्वांना फुकट दिलं. डबे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा असं दोन्हींचं रूप. दहा डब्यांपर्यंत चित्र देखणं दिसतं. दोनशे डबे झाले की ते बनवणाऱ्यालाही महिन्याने उलगडत नाही. कुशल लोक यातून उत्तम गेम करतात, पण ते एव्हाना प्रोग्रॅमर झालेले असतात.

प्रश्न उलटा करणारे काही जण मात्र फार पुढे गेले. प्रत्येक वेळी वागणं सांगायचंच कशाला? वस्तूनेच ते सोबत घेऊन यावं! बर्कलेच्या विद्यापीठात रिचर्ड बुकोव्स्की आणि कार्लो सेक्विन यांनी १९९५ मध्ये आभासी इमारतीत सामान मांडताना हेच केलं. फोटोफ्रेमला भिंत कळते, खुर्चीला जमीन कळते. माणसाने माउसने साधारण जागा दाखवली की फ्रेम भिंतीला चिकटते आणि पुस्तक टेबलावर बसतं. पाठोपाठ लोझानला मार्सेलो काल्मन आणि दानिएल थाल्मान यांनी अशा ‘शहाण्या वस्तू’ बनवल्या, की दार स्वतःच आभासी माणसाला सांगतं: मूठ इथे आहे, हात असा ठेव, मी या बाजूला उघडतो. २००० साली आलेल्या ‘द सिम्स’ या गेमने ही कल्पना कोट्यवधी घरांत नेली. त्यात माणसाला फ्रिजबद्दल काही माहीत नसतं. भूक भागवण्याची सोय इथे आहे, अशी हाळी फ्रिजच देतो. म्हणून नव्या वस्तू आणल्या तरी माणसं बदलावी लागत नाहीत. गोंदेश्वराचं आभासी आवार उभारणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडेल ती हीच वाट. अडवणारा खांब आणि वाजणारी घंटा एकदा कुणीतरी नीट बनवून ठेवायची, म्हणजे अभ्यासकाने ती फक्त जागेवर टांगायची.

इथवर एकेका वस्तूचं झालं. सगळ्या वस्तू एकत्र वागायला लागल्या की काय होतं, ते सिन्नर तालुक्यातल्या कुठल्याही विहिरीवरच्या पंपाला विचारावं.

वर सांगितलेल्या डीओएल स्टार्टरचा एक गुण असा, की वीज गेली की होल्डिंग सुटतं आणि वीज परत आली तरी मोटर आपण होऊन सुरू होत नाही. कारखान्यात ही सुरक्षितता आहे. रात्रीच्या पाळीची वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याला मात्र ती शिक्षा वाटते, कारण बटण दाबायला अपरात्री विहिरीवर जावं लागतं. म्हणून त्याने ऑटोस्विच बसवला. नियम एका ओळीचा: वीज आली की मोटर सुरू कर. कोड नाही, इंजिनिअर नाही, गरज ज्याची त्यानेच सांगितलेलं वागणं. त्याच्या एकट्याच्या शेतात यात काहीही चूक नाही. पण एकाच डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्यांनी तेच केलं, तर वीज येताच सगळ्या मोटरी एका क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. रोहित्राला तो भार सोसत नाही आणि डीपी जळते, मग सगळ्यांचंच पाणी बंद. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करत आलं आहे ते यासाठीच. प्रत्येक मोटरने थोडं वेगवेगळं थांबून उठावं, एवढी भर नियमात घातली तरी बराच ताण कमी होईल. पण ही गरज एका पंपाकडे पाहून कधीच लक्षात येत नाही.

क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ मध्ये याचीच प्रसन्न बाजू दाखवली होती. पडद्यावरच्या पाखरांना त्याने तीनच गोष्टी सांगितल्या: शेजाऱ्याला धडकू नको, त्याच्या दिशेने उड, थव्यापासून तुटू नको. थवा कसा वळेल हे कुणीच सांगितलं नव्हतं, तरी तो खऱ्यासारखा वळला. १९९५ मध्ये डिर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी चालणाऱ्या माणसांसाठी ओढ आणि दुरावा यांचं गणित मांडलं, आणि तसल्या विचारांवर गर्दीची सॉफ्टवेअर उभी राहिली. त्यांत नियोजन करणारा कोड लिहीत नाही. तो रस्त्याची रुंदी आखतो, मिनिटाला किती माणसं येतील ते भरतो, चालण्याचा वेग ठरवतो आणि कोंडी कुठे होते ते पाहतो.

नाशिकला हा विषय पुस्तकी नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळ नाशिकचे आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरलं, आणि स्थानिक तरुणांनी पायाखालच्या चटईने माणसं मोजण्यासारखे प्रयोग केले. २०२७ मध्ये पुन्हा पर्वणी आहे आणि पुण्याकडून येणारा लोंढा सिन्नरवरूनच जाणार. गर्दीच्या सॉफ्टवेअरमधला आभासी यात्रेकरू मात्र मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर एकटा चालतो आणि जवळची वाट धरतो. खरा यात्रेकरू आजीचा हात धरून असतो, गावच्या माणसांची चुकामूक झाली की उलटा फिरतो आणि वाटेत देऊळ दिसलं की थांबतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये गटाने चालणारी माणसंही घालता येतात. पण ती घाला, असं सांगायला ज्याने रामकुंडावर उभं राहून गर्दी पाहिली आहे तोच माणूस लागतो, आणि तो पडद्यासमोर क्वचितच बसलेला असतो.

आता सगळ्यांना वाटतं की हा प्रश्न संपला, कारण संगणकाशी बोलता येतं. सुरुवात जुनी आहे: २००६ मध्ये ग्रॅहम नेल्सनच्या ‘इन्फॉर्म ७’ मध्ये साध्या इंग्रजी वाक्यांनी गोष्टीतलं जग आणि त्यातल्या वस्तूंचं वागणं लिहिता येऊ लागलं. चॅटजीपीटी २०२२ च्या अखेरीला आल्यापासून तर मराठीत सांगूनही चालतं. ‘माणूस दारात आला की दिवा लाव’ असं म्हटलं की कोड तयार. माणूस गेल्यावर दिवा विझवायचा की नाही, दोघे आले आणि एकच गेला तर काय, वीज जाऊन आली तर काय, हे वाक्यात नसतं. यंत्र ते विचारत बसत नाही, स्वतःच्या अंदाजाने भरून टाकतं. किडसिममध्ये निदान नियम कमी पडल्याचं मुलाला दिसत तरी होतं. इथे पोकळी बुजवलेली असते आणि ती कशाने बुजवली हे वाचायला पुन्हा प्रोग्रॅमरच लागतो.

यावर उपाय नाही असं नव्हे. यंत्राने कोडऐवजी लॅडर लिहून द्यावं, ते आधी आभासी लाइनवर चालवावं आणि इलेक्ट्रिशियनने रंगीत वाटा पाहत एकेक सेन्सर मुद्दाम बिघडवून बघावा. पीएलसी बनवणाऱ्या कंपन्या त्या दिशेने निघाल्याच आहेत. यात माणूस लिहीत नाही, पण वाचतो, आणि वाचता येईल अशाच खुणांमध्ये उत्तर मागतो. इमर्जन्सी स्टॉपचं लाल छत्रीवजा बटण मात्र कारखान्यांत साध्या लॅडरच्या भरवशावर सोडत नाहीत. त्याच्या वायरी वेगळ्या सेफ्टी रिलेतून थेट कॉन्टॅक्टरपर्यंत नेतात, मग लॅडर कुणीही लिहिलेलं असो.